व्हिनाइल फ्लोरिंग ९५ रुपये फूट सांगितलं, तर हातात किती ठेवायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर १४ वर्षं जुना टू बीएचके, कार्पेट ६४० स्क्वेअर फूट, खाली बिल्डरने टाकलेल्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यातल्या काही पोकळ वाजतात. घरात सत्तरीतल्या आई आहेत त्यामुळे फोडाफोडी नको, आणि दुकानदाराने व्हिनाइल ९५ रुपये फूट सांगितलंय. मग ६४० गुणिले ९५, म्हणजे ६१ हजारात काम होईल ना?

सरळ सांगतो, नाही होणार. ८० च्या घरात जाईल. मात्र तुमचा गुणाकार दोन्ही बाजूंनी चुकलाय, एरिया तुम्ही जास्त धरलाय आणि बाकीचं काहीच धरलेलं नाही. मी नाशकातच फ्लोरिंगची कामं घेतो आणि जवळजवळ प्रत्येक पार्टीचा पहिला प्रश्न "फुटाला काय पडेल?" हाच असतो, त्यात त्यांची चूक नाही, दुकानात बोर्डच तसा लावलेला असतो. पण व्हिनाइलचं बजेट ठरतं ते खालच्या फरशीवर आणि कडांवर, म्हणजे दारं, उंबरे, भिंतीच्या कडा. वरचा माल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आधी एरिया. ६४० हा आकडा ॲग्रीमेंटमधला असणार. तुमची बिल्डिंग रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) आधीची आहे, तेव्हा कार्पेटमध्ये काय काय मोजायचं हे बिल्डर बरेचदा आपापल्या पद्धतीने ठरवायचे, आणि रेराच्या व्याख्येतसुद्धा आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्येच येते. भिंतीवर तर फ्लोरिंग टाकणार नाही ना आपण. त्यामुळे टेप घ्या आणि खोली खोली मोजा. समजा हॉल साडेदहा बाय सोळा, बेडरूम दहा बाय बारा आणि दहा बाय अकरा, पॅसेज साडेतीन बाय नऊ, तर हे सगळं मिळून ४३० फूट होतं. त्यातून भिंतीला फिक्स केलेल्या दोन वॉर्डरोबखालची जागा वजा करा, राहिले ४०० फूट. बाथरूम, टॉयलेट, गॅलरीत व्हिनाइल टाकायचंच नाही. किचनमध्येही मी शक्यतो नको म्हणतो. तिथे सिंकखाली कधी ना कधी पाणी गळतं, ट्रॉल्यांच्या खालून ते आत शिरतं आणि फळ्यांखाली बसून राहतं, शिवाय गॅसचा सिलिंडर आपण उचलत नाही, कडेवर तिरका करून फिरवत नेतो, त्या लोखंडी रिंगचे ओरखडे पडतात ते पडतातच. टाइल आहे ती राहू द्या.

आता ९५ रुपयात नक्की काय देतोय ते विचारा, कारण व्हिनाइल म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे रोल, दोन मीटर रुंदीचा, दीड-दोन एमएम जाड, सगळ्यात स्वस्त. दुसरं एलव्हीटी, म्हणजे दोन-तीन एमएमच्या पट्ट्या, खाली गम लावून चिकटवायच्या. तिसरं एसपीसी, चार ते सहा एमएम, आत चुनखडीची पावडर आणि पीव्हीसीचा कडक गाभा असतो, एकमेकांत क्लिक होतं आणि फरशीवर नुसतं तरंगत बसतं, चिकटवत नाहीत. ९५ मध्ये एसपीसी असेल तर साधा माल असेल पण चालेल, आणि रोल असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

जाडीपेक्षा वेअर लेयर विचारा. वेअर लेयर म्हणजे प्रिंटवरचा पारदर्शक थर, घासणं-झिजणं सगळं तो सोसतो. घरासाठी ०.३ एमएम पुरतो, दुकान-क्लिनिक असेल तर ०.५. इथे एक गडबड होते, काही जण एमएममध्ये सांगतात काही जण मिलमध्ये, आणि मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर नव्हे. १२ मिल म्हणजे साधारण ०.३ एमएम, २० मिल म्हणजे ०.५. तोंडी आकड्यावर जाऊ नका, बॉक्सवर छापलेलं वाचा. सहा एमएमची फळी आणि वर ०.१ चा थर असला माल पण बाजारात आहे, हाताला भक्कम लागतो आणि दोन दिवाळ्यांत सोफ्यासमोरची प्रिंट पांढरी पडते.

आता मुख्य मुद्दा, खालची फरशी. लोकांना वाटतं स्वस्त माल घेतला की बजेट वाचलं. होतं उलटं. माल जितका पातळ तितकी खालची फरशी गुळगुळीत लागते. दोन एमएमचा रोल किंवा एलव्हीटी थेट टाइल्सवर चिकटवलं तर काही महिन्यांत टाइल्सचे सांधे वर उमटतात, संध्याकाळी गॅलरीतून तिरकं ऊन आलं की दोन बाय दोनचे चौकोन अगदी मोजून घ्या असे दिसतात. ते टाळायचं तर आख्ख्या फरशीवर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारं सिमेंटचं पातळ मिश्रण, ओतावं लागतं. त्याचा हिशोब असा की एक एमएम जाडीला चौरस मीटरमागे साधारण दीड ते पावणेदोन किलो लागतं. तुमचे ४०० फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, दोन एमएमचा थर धरला तरी १२० किलोच्या आसपास, २५ किलोच्या पाच-सहा गोण्या. शिवाय आधी मारायचा प्रायमर वेगळा, कारण व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, नुसतं ओतलं तर कंपाउंड पापुद्र्यासारखं सुटून येतं. मजुरी वेगळी, वाळायला थांबा ते वेगळं. म्हणजे मालात फुटामागे वाचवलेले पैसे बरेचसे इथेच परत जातात.

रोलमध्ये अजून एक छुपा खर्च असतो. तुमची दहा बाय अकराची बेडरूम घ्या. रोल दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट रुंद. दहा फुटाला एक पट्टा पुरत नाही, दोन घ्यावे लागतात. अकरा फुटाचे दोन पट्टे म्हणजे १४४ स्क्वेअर फूट माल झाला आणि खोली ११० ची. उरलेला तीन फुटी तुकडा पॅसेजमध्ये बसला तर नशीब, नाहीतर माळ्यावर.

एसपीसी कडक असतं, त्यामुळे टाइल्सचे साधे दोन-तीन एमएमचे सांधे ते झाकून नेतं. त्याला सांध्यांचं काही वाटत नाही, खळगा आणि उंचवटा चालत नाही. साडेसहा फुटाची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी-उभी फिरवून बघायची, खाली तीन एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा भरून घ्यायची. नाहीतर चालताना फळी खाली-वर होते, कट कट आवाज येतो, आणि शेवटी क्लिकची जीभच तुटते. मग ती एक फळी बदलायला भिंतीपर्यंतच्या सगळ्या फळ्या उचलाव्या लागतात.

पोकळ टाइल्सचं टेन्शन तुम्ही घेतलंय तेवढं घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. नाणं घ्या किंवा किल्लीचा मागचा भाग, आणि प्रत्येक टाइलच्या चारी कोपऱ्यांवर आणि मध्ये वाजवून बघा. घट्ट टाइलचा आवाज बारीक आणि टणक येतो, पोकळीचा डब्यासारखा येतो. जिथे पोकळ येईल तिथे खडूने खूण करा आणि मग त्या टाइलच्या कोपऱ्यावर टाच ठेवून अंगाचा भार द्या. नुसती वाजते पण हलत नाही, सांध्यातलं सिमेंट शाबूत आहे, तर एसपीसीखाली राहू द्यायला हरकत नाही. हलते, सांध्यातून बारीक भुगा वर येतो किंवा तडा गेलाय, तर तेवढी काढून तिथे भरून घ्यायची. नवीन टाइल बसवायची गरज नाही, वरून दिसणारच नाहीये. चिकटवायचं एलव्हीटी घेणार असाल तर मात्र इथे मी जास्त कडक होतो, कारण खालची टाइल सुटली की तिच्याबरोबर वरचंही उठतं.

ओलीचं बघा. तिसरा मजला असल्यामुळे जमिनीतून ओल येणार नाही, पण बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालून बघा. स्कर्टिंगच्या वर रंगाला फुगे किंवा पोपडे आले असतील तर आधी बाथरूमचं लीकेज काढा, मगच फ्लोरिंग. व्हिनाइलमधून ओल वर निघून जात नाही, खाली कोंडते, वास मारायला लागते. ज्यांचं तळमजल्यावर किंवा रो हाउस आहे त्यांनी हे जास्त मनावर घ्या: दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक फरशीवर चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवा, काढल्यावर खाली थेंब दिसले किंवा फरशीचा रंग गडद झाला असेल तर तिथे व्हिनाइलचा नाद सोडा. आणि ही टेस्ट पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये नाशकात सगळ्याच फरश्या कोरड्या असतात.

आता दारं. हे दुकानात कोणी सांगत नाही. एसपीसीची फळी पाच एमएमची, खाली फोम चिकटवलेला असेल तर सहा-साडेसहा. दुकानातून सॅम्पलचा तुकडा मागून आणा, दाराखाली जमिनीवर ठेवा आणि दार हळूहळू फिरवा, एकाच जागी नाही तर पूर्ण वळणभर, कारण जुन्या बिल्डिंगमध्ये दार थोडं झुकलेलं असतं, चौकटीपाशी मोकळं फिरतं आणि भिंतीपाशी गेल्यावर घासतं. घासलं की ते दार उतरवून खालून कापायचं, आणि कापलेल्या कडेला पॉलिश नाहीतर रंग मारून ती बंद करायची, नाहीतर फ्लश डोअर खालून फुगतं. मेन डोअर आणि दोन बेडरूम धरा. बाथरूमची दारं आत उघडतात, त्यांना हात लावायची गरज पडत नाही.

मेन डोअर, किचन, गॅलरी आणि दोन्ही बाथरूमच्या तोंडाशी जिथे व्हिनाइल संपतं तिथे ॲल्युमिनियमची पट्टी लागते. आईंसाठी इथे पैसे वाचवू नका. साधी उभी पट्टी लावली तर पाच-सहा एमएमची पायरी तयार होते, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय मोठ्या पायरीला अडखळत नाही, अशाच बारीक उंचवट्याला अडखळतो. उताराची पट्टी मिळते, तीच घ्या. बाकी आईंच्या दृष्टीने व्हिनाइल चांगलंच आहे, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की टाइलवर पाय ठेववत नाही, व्हिनाइल तेवढं गार लागत नाही.

स्कर्टिंगला दोन रस्ते आहेत. एसपीसी भिंतीपासून सहा-आठ एमएम सोडून बसवावं लागतं, उन्हाळ्यात ते वाढतं तेव्हा जागा हवी. ही फट झाकायला एकतर जुन्या टाइलच्या स्कर्टिंगला लागून बारीक बीडिंग मारायची, स्वस्तात होतं, दिसायला ठीकठाक. नाहीतर नवीन तीन इंची पीव्हीसी स्कर्टिंग जुन्यावरूनच लावायची, दिसायला छान, खर्च रनिंग फुटाने वाढतो.

तर आता तुमचा हिशोब लावू. मालाचा रेट तुमचा आहे, बाकीचे रेट मी गोल धरतोय, तुमच्या माणसाचे वेगळे असतील, ते टाकून बघा. ४०० फुटावर ८ टक्के वेस्टेज धरलं तर ४३२ फूट, फळ्या तिरक्या किंवा हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या नक्षीत) टाकणार असाल तर १५ टक्के धरा. माल सुटा मिळत नाही, बॉक्सने मिळतो. चार फूट बाय सात इंचाच्या आसपासच्या दहा फळ्यांचा बॉक्स साधारण २३.६ फूट होतो, म्हणजे १९ बॉक्स, आणि एक बॉक्स कायमचा घरात ठेवायला, असे २० बॉक्स, ४७३ फूट. ९५ ने ४४,९०० च्या थोडे वर. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५३ हजार. (९५ जीएसटीसकट आहे का हे आजच फोन करून विचारा, तिथेच आठ हजारांचा फरक आहे.) फिटिंग २० रुपयाने ८,०००. स्कर्टिंग दारं-वॉर्डरोब सोडून १३० रनिंग फूट, ४० ने ५,२००. पट्ट्या पाच ठिकाणी मिळून १६ फूट, १,६००. दारं तीन, सुताराचे १,२००. हलणाऱ्या टाइल्स काढून भरणं आणि खळगे भरणं ५,०००. बेरीज ७४ हजार. त्यावर १० टक्के हाताशी ठेवा, कारण फरशीखाली काय निघेल ते नाण्याने पूर्ण कळत नाही. ८१ झाले. फळीला खाली फोम चिकटवलेला नसेल तर तो वेगळा घ्यावा लागेल, आणि चिकटवलेला असेल तर "डबल टाकू साहेब, मऊ लागेल" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, जास्त मऊ झालं की क्लिकच तुटतात.

६०-६५ च्या वर जायचंच नसेल तर वेअर लेयर कमी करू नका, फरशीची दुरुस्तीही कमी करू नका. सरळ एक बेडरूम सोडा. अकरा बाय दहाची खोली गाळली की माल, जीएसटी, मजुरी, स्कर्टिंग धरून १७ हजारांच्या आसपास कमी होतात आणि तुम्ही ६४ वर येता. धोका एकच, पुढच्या वर्षी तेच डिझाइन मिळेल याची खात्री नाही, आणि मिळालं तरी बॅच वेगळी असेल तर शेड थोडी फरक दाखवते. पण वेगळ्या खोलीत, मध्ये उंबऱ्यावर पट्टी असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. एकाच खोलीतल्या सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर मात्र एकच आहे हे गाडीतून उतरवतानाच बघून घ्या.

बिल पक्कं घ्या. कच्च्या बिलात जीएसटी वाचतो हे खरं, पण वॉरंटीचं नाव काढायचं नाही मग. आणि वॉरंटी मालाची असते, बसवण्याची नाही, त्यामुळे दुकानदार "आमचाच माणूस येईल" म्हणाला तर खालची लेव्हल बघायची जबाबदारी कोणाची ते त्याच बिलावर एका ओळीत लिहून घ्या. नंतर आवाज यायला लागला की दुकानवाला फिटरकडे बोट दाखवतो, फिटर फरशीकडे.

मुहूर्ताचं पण बघा. नवरात्र बसल्यापासून दिवाळीपर्यंत चांगला फिटर मिळणं अवघड, मिळाला तरी तीन साइटवर पळत असतो. पितृपक्षात लोक नवीन काम काढत नाहीत, त्यामुळे माणसं मोकळी असतात आणि रेटवर बोलताही येतं. तुमचं तर नवीन घर नाही, नुसतं फ्लोरिंग आहे, आईंची हरकत नसेल तर तेव्हा करा. दिवाळीत मात्र पणती थेट व्हिनाइलवर ठेवू नका, खाली ताटली ठेवा, चटका बसला तर तो डाग कशानेच जात नाही. रबरी पाठीच्या पायपुसण्याचंही तसंच, खाली पिवळा डाग पडतो, कापडी वापरा. आणि बादलीने फरशी धुवायची सवय असेल तर ती बंद, पिळलेल्या फडक्याने पुसायचं फक्त.

राहता राहिलं, काम चालू असताना घरात राहता येईल का असंही तुम्ही विचारलंय. येईल. बॉक्स दोन दिवस आधी आणून ज्या खोलीत बसवायचे त्याच खोलीत आडवे ठेवा, गॅलरीत उन्हात नको. मग आधी एक बेडरूम रिकामी करून ती बसवून घ्या, एसपीसीवर त्याच दिवशी चालता येतं, सामानही ठेवता येतं, आई त्या खोलीत राहतील आणि हॉल दुसऱ्या दिवशी. लोखंडी कपाट सरकवताना खाली प्लायचा तुकडा नाहीतर जाड गोधडी घाला, ओढत नेऊ नका. धूळ होते ती फक्त हलणाऱ्या टाइल्स काढताना, तेवढा अर्धा दिवस आईंना कोणाकडे तरी पाठवलं तर बरं.